जनुकं कापता-जोडता यायला लागल्यावर जीवशास्त्रज्ञांवर नवी नैतिक जबाबदारी येते का?

माझ्या मते जबाबदारी जुनीच आहे. दुसऱ्याचं घ्यायचं तर आधी विचारायचं, तेही त्याला कळेल असं. फरक एवढाच की आता थेंबभर घेतलं तरी सगळा वंश हाती येतो.

मी निपाणीजवळ एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. माझ्या आत्तीनं जन्मभर विड्या वळल्या. तंबाखूचा जनुकांवर काय परिणाम होतो हे बघायला गल्लीत एक पथक आलं, बायकांचं रक्त घेतलं. संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत. आत्ती मराठी चौथी शिकलेली. कागद उलटसुलट करून तिनं विचारलं, "ह्यात काय लिव्हलंय गं?" पथकातली पोरगी म्हणाली, "रक्त तपासणार आजी, फुकट आहे." तंबाखूनं काळ्या पडलेल्या बोटांनी आत्तीनं सही केली. संध्याकाळी तिची प्रत मी वाचली. नमुना साठवून पुढच्या संशोधनालाही वापरू, असं त्यात होतं. रिपोर्ट अजून आलेला नाही. संमती समोरच्याला समजेल त्या भाषेत घ्यायची, हे आयसीएमआरच्या, म्हणजे देशातल्या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेच्या, २०१७ च्या सूचनांत स्पष्ट आहे. आमच्याकडे पाट्यांच्या भाषेवरून मोर्चे निघतात, ह्या कागदावरून निघाला नाही.

वांग्याचंही तेच. कर्नाटकातल्या ज्या स्थानिक वाणांत बीटी जनुक, म्हणजे अळी मारणारं एका जिवाणूचं जनुक, घातलं, त्यांत 'कुडची लोकल' होतं. कुडची म्हणजे आपलं रायबाग तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. असं वाण वापरायचं तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावच्या जैवविविधता समितीशी सल्लामसलत हवी. ती झालीच नाही, अशी तक्रार २०१० साली बंगळूरच्या एका संस्थेनं केली. पुढच्या वर्षी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणानं कारवाई करायचं ठरवलं. फेब्रुवारी २०१० मध्ये बीटी वांग्याला स्थगिती मिळाली ती वेगळ्या कारणानं, सुरक्षिततेच्या शंकेवरून. बीटी वांगं वाईट असं मी म्हणत नाही. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा असा बंदोबस्त मी वर्गात आवडीनं शिकवतो, बांगलादेशात ते २०१४ पासून लावतातही. पण कुडचीच्या बांधावर बी राखणाऱ्याला कुणी विचारलं होतं?

आमच्या प्रॅक्टिकलला पोरांचे रक्तगट तपासतात. पूर्वी मी सरळ सुई हातात द्यायचो. आता आधी विचारतो, कुणाला नको आहे का. गेल्या वर्षी एका मुलीनं हात वर केला. कारण मी विचारलं नाही, तिला स्लाइडा धुवायला बसवलं.