माया संस्कृतीवर अख्खी टर्म बेतायची असेल तर गणित कण्यासारखं मधोमध ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळेत इयर फाइव्हचा (नऊ-दहा वर्षांच्या मुलांचा) वर्ग आहे, उन्हाळी टर्म मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांवर बेतायची आहे, इतिहासाबरोबर गणित, विज्ञान, कला, स्वयंपाक सगळं जोडायचं आहे, तर आठवड्यांची आखणी कशी करू? शिवाय तुम्ही लिहिलंय की सहकारी म्हणतात, गणित यात ओढू नका, मायांचे आकडे म्हणजे एका दुपारची गंमत. मी मुख्यतः या शेवटच्या वाक्याबद्दलच लिहिणार आहे. स्टाफरूममध्ये हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय आणि मला ते अजिबात मान्य नाही.

मुखवटे रंगवले, चॉकलेट चाखलं, पुठ्ठ्याचा पिरॅमिड उभा केला की विषय जोडले असं होत नाही. एका विषयाचं दुसऱ्यावाचून अडलं पाहिजे. मायांच्या बाबतीत ते खरोखर अडतं, कारण त्यांच्या राजांचे दगड तारखांनी भरलेले आहेत आणि तारीख वाचायची तर आकडे यावे लागतात. आकडे बाजूला ठेवून इतिहास शिकवला तर हातात चित्रं उरतात.

पहिल्या आठवड्यात फक्त आकडे घ्या. ठिपका म्हणजे 1, आडवी रेघ म्हणजे 5, शिंपला म्हणजे 0. 19पर्यंत एकाच घरात लिहायचं. 20 झाले की वरच्या घरात एक ठिपका. गावाकडे 'तीन विसा नि पाच' असं मोजणारी माणसं ज्यांनी पाहिलीत त्यांना विसाचा हा हिशेब परका वाटणार नाही. दोन मुलांत मिळून 25 बटणं, 20 आइस्क्रीमच्या काड्या आणि 3 शंखाकृती पास्ता द्या. 30 मुलांच्या वर्गाला 375 बटणं, 300 काड्या आणि 45 पास्ते लागतील. ठिपक्यांसाठी राजमा वापरू नका, कच्चा पोटात गेला तर बाधतो. बेरीज करून बघा: 8 म्हणजे एक रेघ, तीन ठिपके, 9 म्हणजे एक रेघ, चार ठिपके. सात ठिपक्यांतल्या पाचांची एक रेघ झाली की उरतात तीन रेघा आणि दोन ठिपके, म्हणजे 17. हातचा घेणं म्हणजे काय हे दहाच्या पद्धतीत पाठ झालेल्या मुलांनाही इथे नव्याने कळतं.

इथे घोटाळा एकाच जागी होतो. वरच्या घरातला एक ठिपका आणि खालच्या घरातले दोन ठिपके जवळजवळ आले की मूल 3 वाचतं, खरा आकडा असतो 22. म्हणून कोऱ्या कागदावर कधीच सुरुवात करू नका. ए थ्री कागदावर एकाखाली एक तीन घरं जाड रेघांनी आखून द्या आणि रिकाम्या घरात शिंपला ठेवायलाच लावा. शिंपला कशासाठी हे मग सांगावं लागत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तारखा. मायांची दीर्घगणना दिवस मोजते: 20 कीन म्हणजे एक विनाल, 18 विनाल म्हणजे एक तुन (360 दिवस), 20 तुन म्हणजे एक काटुन (7,200 दिवस), 20 काटुन म्हणजे एक बाकटुन (1,44,000 दिवस). तिसऱ्या घराला 20 ऐवजी 18ची पायरी का, तर वर्षाच्या जवळ जाण्यासाठी. साध्या मोजणीत ते घर 400चं असतं. दोन्ही एकाच आठवड्यात शिकवलीत तर वर्ग गोंधळलाच म्हणून समजा.

आता प्रत्येक मुलाने आपली जन्मतारीख माया पद्धतीने काढायची. शिक्षक याला घाबरतात, कारण इसवी सनापूर्वी 3114पासून दिवस मोजायचे म्हणजे लाखांचे भागाकार आले. ते टाळता येतात. 21 डिसेंबर 2012 ही तारीख नेमकी 13.0.0.0.0 (डावीकडून बाकटुन, काटुन, तुन, विनाल, कीन) आहे आणि तुमच्या वर्गातलं प्रत्येक मूल त्यानंतर जन्मलंय. म्हणजे सगळ्यांची सुरुवात 13.0 अशीच होणार, पुढचे तीन आकडे तेवढे काढायचे. 21 डिसेंबर 2012पासून 1 जानेवारी 2015पर्यंत 741 दिवस, 1 जानेवारी 2016पर्यंत 1,106, 1 जानेवारी 2017पर्यंत 1,472. हे तीन आकडे फळ्यावर लिहून ठेवा. 15 मार्च 2016ला जन्मलेलं मूल 1,106मध्ये जानेवारीचे 31, फेब्रुवारीचे 29 आणि मार्चचे 14 मिळवेल: 1,180. त्याला 360ने भागलं की 3, बाकी 100. बाकीला 20ने भागलं की 5, बाकी 0. तारीख झाली 13.0.3.5.0. बाकीचं पुढे काय करायचं, हा प्रश्न इयर फाइव्हमध्ये याहून चांगला शिकवता येईल असं मला वाटत नाही.

चुका ठरलेल्या असतात. 2016च्या फेब्रुवारीचा 29वा दिवस विसरतात. महिन्यातला जन्मदिवस 15 असेल तर 14 ऐवजी 15 मिळवतात. पडताळा मुलांनाच करू द्या: शेवटचा आकडा 19च्या वर आणि त्याआधीचा 17च्या वर जाऊच शकत नाही, गेला तर भागाकार चुकलाय. इंटरनेटवरच्या परिवर्तकावर तपासलंत आणि दोन दिवसांचा फरक आला तर घाबरू नका. माया तारीख आपल्या दिनदर्शिकेशी जोडायला 584283 आणि 584285 असे दोन जुळणी-अंक वापरात आहेत; वर मी पहिला धरलाय, तोच निवडा.

ती तारीख मग मातीत कोरा. प्रत्येकी 500 ग्रॅम हवेत वाळणारी माती, 20 बाय 8 सेंटीमीटरची, दीड सेंटीमीटर जाडीची पट्टी आणि 4-4 सेंटीमीटरची पाच घरं. रेडिएटरवर वाळत घातलीत तर पट्ट्या वाकतात नि तडकतात. वर्तमानपत्रावर ठेवून रोज उलटा, चार-पाच दिवस लागतील. कलेचा तास आणि गणिताचा तास इथे एकाच वस्तूवर येतात.

आता शून्याचं बोलतो, कारण तुमच्या वर्गात आपल्याकडचे पालक असले तर हा वाद निघणारच. 'शून्य भारताने दिलं, मायांचं काय सांगता?' माझं स्पष्ट मत आहे की मुलांना दोन्ही सांगावं, तारखांसकट. मायांच्या कोरीव तारखांत इसवी सनाच्या चौथ्या शतकापासून शून्य दिसतं. ब्रह्मगुप्ताने शून्याशी बेरीज-वजाबाकी-गुणाकार कसा करायचा याचे नियम 628मध्ये लिहिले आणि ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या 876च्या शिलालेखात 270 हा आकडा आजच्यासारखाच लिहिलाय. मध्ये महासागर होता, कोणी कोणाकडून घेतलं नाही. जगभर आज चालतात ते आकडे आपल्या परंपरेतून गेले, मायांचं शून्य त्यांच्या प्रदेशातच राहिलं. एवढं सांगितलं की कोणाचाही अभिमान कमी होत नाही. तुमच्या सहकाऱ्यांनाही दाखवा: इयर फाइव्हला रोमन आकडे 1,000पर्यंत शिकवावेच लागतात आणि त्यांत शून्यही नाही, स्थानिक किंमतही नाही. 10.4.0.0.0 शेजारी ठेवा, रोमनांचं कुठे अडत होतं हे मूल स्वतः सांगेल.

ही 10.4.0.0.0 तारीख मी उगाच घेतली नाही. दक्षिण मेक्सिकोतल्या चियापासमधल्या तोनिना या माया नगरातल्या दगडावरची ही दीर्घगणनेची तारीख 909 सालची, आणि त्यानंतरची अशी कोरीव तारीख माहीत नाही. नॅशनल करिक्युलमने, म्हणजे इंग्लंडच्या सरकारी अभ्यासक्रमाने, माया दिलेत ते इसवी सन 900च्या सुमाराचे आणि ब्रिटनच्या इतिहासाशी तुलनेसाठी. इंग्लंडमधला आल्फ्रेड राजा 899मध्ये गेला. इतिहासाचा मुख्य प्रश्न इथेच मिळतो: दक्षिणेकडच्या नगरांनी दगड कोरणं का थांबवलं, जेव्हा उत्तरेला चिचेन इत्झा हे माया नगर भरभराटीला येत होतं? बेलिझमधल्या योक बालुम गुहेतला चुनखडीचा स्तंभ आणि युकातानमधल्या चिचनकनाब तळ्याचा गाळ या काळातल्या दुष्काळांकडे बोट दाखवतात. तळं आटलं की पाण्यातलं जिप्सम तळाशी बसतं. इयर फाइव्हच्या विज्ञानात विरघळणं आणि बाष्पीभवन आहेच. 100 मिलिलीटर कोमट पाण्यात 30 ग्रॅम मीठ विरघळवून पसरट बशीत ओता, खिडकीत ठेवा, रोज पातळी नोंदवा. खोल पेल्यात ठेवलंत तर टर्म संपेल, पाणी संपणार नाही. लढाया आणि राजकारणही कारणांत होतं, एकट्या दुष्काळावर खापर फोडायला मुलांना शिकवू नका.

'पृथ्वी आणि अवकाश' हाही इयर फाइव्हचाच धडा. ड्रेस्डेन पोथीत (मायांच्या हस्तलिखित पुस्तकात) शुक्राचं चक्र 584 दिवसांचं आहे. पाच चक्रं 2,920 दिवस, आणि 365ची आठ वर्षंही 2,920. सामाईक पटीचं याहून सुंदर उदाहरण शोधून सापडणार नाही. मायांच्या 260 आणि 365 दिवसांच्या दोन दिनदर्शिका 18,980 दिवसांनी, म्हणजे 365 दिवसांच्या 52 वर्षांनी पुन्हा जुळतात, तेही याच तासात घ्या. पुठ्ठ्याची दातेरी चाकं करून 260 दाखवायचे असतील तर 13 आणि 20 दात्यांची, दर दात्याला 2 सेंटीमीटर परीघ धरून 8.3 आणि 12.7 सेंटीमीटर व्यासाची करा. पन्हळी पुठ्ठ्याचे दाते चेपतात, काड्या चिकटवा. चाकं ही आजची समजावणी आहे, मायांनी ती वापरली नाहीत, हेही सांगा.

बाकीचं पटकन. माया लिपीत काही चिन्हं अख्ख्या शब्दाची, काही एकेका अक्षराची; अक्षरांनी लिहिताना जग्वारसाठी बालाम हे बा-ला-मा असं लिहून शेवटचा स्वर गिळतात. मुलांची नावं लिहिताना र, ग, ड यांची चिन्हं सापडणार नाहीत, ल, क, त वापरा. जेवणात तॉर्तिया करू नका. अभिजात काळातल्या (साधारण इसवी सन 250 ते 900) मायांचं रोजचं अन्न तमाल, म्हणजे मक्याच्या पिठाचा वाफवलेला गोळा. साधं मक्याचं पीठ बांधलं जात नाही. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं मासा हारिना घ्या. 250 ग्रॅमला साधारण 350 मिलिलीटर कोमट पाणी, 20 मिनिटं झाकून ठेवा, 30 ग्रॅमचे 20 गोळे, आत डब्यातले काळे घेवडे, वरून मक्याच्या कणसाची भिजवलेली सालं, 40 मिनिटं वाफ. डुकराची चरबी आणि केळीची पानं स्पॅनिशांनंतरची, ती गाळा. गोळे घट्ट होतात, तसेच असू द्या. मक्याच्या आधाराने घेवडा चढवायचा असेल तर मका वीतभर झाल्यावरच घेवडा पेरा, नाहीतर तो मक्याला आडवा करतो. मे महिन्यात लावलेलं कणीस जुलैत तयार होणार नाही, ते सप्टेंबरच्या वर्गाला सोपवा.

एक गोष्ट मात्र कडकपणे पाळा: भिंतीवर अॅझ्टेकांचा सूर्यदगड 'माया कॅलेंडर' म्हणून लावू नका. तो मेक्सिको शहरातला, कित्येक शतकांनंतरचा, वेगळ्या लोकांचा. आणि 'माया नाहीसे झाले' असंही नको. लाखो माया आज ग्वाटेमाला, मेक्सिको, बेलिझमध्ये राहतात, 30च्या आसपास माया भाषा बोलल्या जातात आणि 1992चं शांततेचं नोबेल किचे माया असलेल्या रिगोबेर्ता मेंचू यांना मिळालं. शेवटचे दोन आठवडे आजच्या मायांना द्या.

काही सूचना राहिल्या. ब्रिटिश म्युझियममधली याश्चिलान या माया नगरातली दारावरची कोरीव शिळा, लिंटेल क्रमांक 24, दाखवणार असाल तर आधी मुख्याध्यापकांशी बोला, तिच्यात राणी जिभेतून काटेरी दोर ओढते आहे. कोकोचं पेय करायचं तर अॅलर्जीची यादी आधी बघा आणि पाणी कोमटच ठेवा. भागाकारात वर्ग कच्चा असेल तर जन्मतारखा टर्मच्या दुसऱ्या भागात ढकला. आणि बाराऐवजी सहाच आठवडे मिळाले तर स्वयंपाक, चाकं आणि मका सोडा. आकडे, मातीची तारीख, 909चा प्रश्न आणि आजचे माया एवढं ठेवा.