मेंढ्यांवर जीव आहे, पण लंगडी मेंढी धरायची कधी? (वाचकांचे प्रश्न)

मेंढीपालनावर बरेच प्रश्न आलेत, त्यातले पाच घेतेय. वरवर पाचही वेगळे वाटतील, पण पाळणाऱ्याच्या डोक्यात मेंढीबद्दल काय पक्कं बसलंय आणि त्यामुळे मेंढीचं पुढे काय होतं, याच्याशीच ते सगळे येऊन भिडतात.

प्रश्न : डॉक्टरताई, आमच्या वडिलांचा मेंढ्यांवर फार जीव, एकेक मेंढी चेहऱ्यावरून ओळखतात. पण एखादी लंगडायला लागली की म्हणतात, "थांब, अजून दोनचार लंगडू देत, मग एकदमच सगळ्यांचे खूर करू." एवढी माया असताना असं का वागतात?

वडिलांची माया खरीच आहे, त्याबद्दल मनात शंका ठेवू नका. पण माया असणं आणि आज संध्याकाळच्या आत ती एक मेंढी धरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. आइसेक आयझेन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये एक मांडणी केली, ती शेतकऱ्यांच्या वागण्यावरच्या अभ्यासात खूप वापरतात. माणूस एखादं काम करेल की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं : त्या कामाने फरक पडेल असं त्याला वाटतं का, त्याच्या आजूबाजूचे लोक त्या कामाला काय म्हणतात, आणि ते काम आपल्याच्याने होईल असं वाटतं का. बघा, यात "मेंढी आवडते का" हा प्रश्न कुठेच नाही!

आता हे वडिलांना लावून बघा. एकट्या माणसाने अख्ख्या कळपातून एक मेंढी पकडायची म्हणजे धावपळ, सगळा कळप बिथरतो, त्यामुळे "एकदमच करू" हे त्यांना शहाणपणाचं वाटतं, आणि त्यांच्या पिढीने तसंच केलंय म्हणून कोणी नावही ठेवत नाही. पण खुराच्या सडीचा, म्हणजे फूटरॉटचा जंतू मुळात मेंढीच्या खुरातच राहतो, बाहेर मातीत तो थोडे दिवसच टिकतो, म्हणजे लंगडणारी मेंढी हीच बाकीच्यांसाठी रोगाचा उगम. दोनचार अजून लंगडेपर्यंत थांबलो की आपणच रोग पसरायला वेळ दिला असं होतं. इंग्लंडमधल्या संशोधनात हे फार स्पष्ट दिसलं की लंगडणारी दिसल्यावर तीन दिवसांच्या आत उपचार करणाऱ्यांच्या कळपात लंगडणाऱ्या मेंढ्या कमी राहतात.

आणि त्याच संशोधनातून दुसरी गोष्ट निघाली ती मला जास्त महत्त्वाची वाटते. खूर सडला की तो तासून साफ करायचा ही मेहनती, काळजी घेणाऱ्या माणसाची खूण समजली जायची, पण सडलेला खूर तासला तर जखम उलट उशिरा भरते. न तासता प्रतिजैविकाचं इंजेक्शन आणि खुरावर फवारा, एवढ्यावर बहुतेक मेंढ्या दहाएक दिवसांत सुधारतात (औषध आणि डोस तुमच्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच). म्हणजे भरपूर काळजी असलेला माणूसही, मनातली समजूत चुकीची असेल तर, मेंढीला त्रासच देतो. इंग्लंडमध्ये २००४ च्या आसपास दर शंभरात दहा मेंढ्या लंगडत होत्या, २०११ मध्ये सरकारच्या प्राणीकल्याण सल्लागार समितीने हे प्रमाण पाच वर्षांत पाच टक्क्यांवर आणि दहा वर्षांत दोन टक्क्यांच्या खाली आणा असं सांगितलं आणि २०१३ पर्यंत ते पाचाच्या खाली आलंही होतं. त्यामागे शेतकऱ्यांच्या समजुती बदलणं हे मोठं कारण होतं असं मला वाटतं.

वडिलांशी मायेवरून वाद घालू नका, त्यांना मनाला लागेल. त्यापेक्षा कळप जिथून रोज ये-जा करतो तिथे एक अरुंद वाट आणि छोटा कप्पा करून द्या, म्हणजे एक मेंढी एका माणसाला न पळता अडवता येईल. काम सोपं झालं की "उद्या बघू" आपोआप कमी होतं.

प्रश्न : आम्ही मनात काय विचार करतो त्याने मेंढीला काय फरक पडणार? चारा, पाणी, औषध दिलं की झालं ना?

नाही झालं. ऑस्ट्रेलियातले पॉल हेम्सवर्थ आणि त्यांचे सहकारी यांनी डुकरं आणि दुधाच्या गायींवर अनेक वर्षं काम करून एक साखळी दाखवली : सांभाळणाऱ्याचा दृष्टिकोन जसा, तसं त्याचं हात लावणं, हाकणं, ओरडणं, आणि ते जसं, तसं जनावराच्या मनातलं माणसाचं भय, आणि भय वाढलं की वाढ आणि दूध दोन्ही घटतं. मेंढ्यांच्या बाबतीत २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्याच व्हिक्टोरिया राज्यातल्या मेंढीपालकांवरचा एक अभ्यास छापून आला, त्यात शेतकऱ्याची मतं, त्याची कामाची पद्धत आणि मेंढ्यांची अवस्था हे तिन्ही एकत्र तपासलं होतं. ज्यांना मेंढ्यांची तपासणी मनापासून महत्त्वाची वाटत होती ते ती प्रत्यक्षात करत होते आणि त्यांच्याकडे मेंढ्यांची अवस्था बरी होती.

आणि मेंढी विसरत नाही हो! केंब्रिजजवळच्या एका संस्थेतल्या प्रयोगात मेंढ्यांनी पन्नास दुसऱ्या मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून जास्त काळ लक्षात ठेवले, २००१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. लोकर धरून ओढलं, कातरताना आपटलं, कुत्रं विनाकारण अंगावर सोडलं तर तेही तिच्या लक्षात राहतं. मग तुम्ही वाड्यात आलात की ती कोपऱ्यात पळते, आणि पळणाऱ्या मेंढीचं दुखणं तुम्हाला दिसणार कसं? "मेंढी मुळातच मठ्ठ आणि हट्टी" असं मानणारा माणूस ती अडली की ढकलतो. तिला पुढे सावली दिसतेय, एकटी पडायची भीती वाटतेय हे ज्याला ठाऊक आहे तो थांबतो, बाजूला होतो, पुढे दुसरी मेंढी दिसेल असं करतो. वाट तीच, मेंढी तीच, आणि या थांबणाऱ्या माणसाचं काम लवकर होतं.

प्रश्न : कोकराची शेपूट कापली की थोडा वेळ तडफडतं आणि मग दूध प्यायला लागतं. खरंच दुखत असतं तर ओरडलं नसतं का?

हा समज मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण चांगली चांगली माणसं यावर विश्वास ठेवून वागतात. मेंढी हे शिकार होणारं जनावर आहे, कळपात जी कमजोर दिसते ती आधी मारली जाते, म्हणून दुखणं लपवणं हे तिच्या अंगात भिनलेलं आहे. ओरडली नाही याचा अर्थ दुखत नाही असा होत नाही. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी मेंढीच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची पद्धत मांडली, खुराची सड आणि कासदाह झालेल्या मेंढ्यांवर : डोळे अर्धवट मिटलेले, गाल ताणलेले, कान खाली किंवा मागे वळलेले, नाकपुड्यांचा आकार बदललेला. एकदा नजर बसली की तुम्हालाही दिसायला लागेल. कोकरू वारंवार उठबस करतं, पाय आपटतं, शेपटीकडे वळून बघतं, पाय ताणून विचित्र उभं राहतं, हे सगळं वेदनेचंच.

आणि मुळात शेपूट कापायलाच हवी का, हे आधी स्वतःला विचारा. मागचा भाग घाण होऊन माशा बसतात, अळ्या पडतात म्हणून कापतात, पण जंत आटोक्यात असतील, हगवण होत नसेल, मागची लोकर वेळेवर कातरली जात असेल तर बऱ्याच कळपांत गरजच पडत नाही. कापायचीच तर कोकरू लहान असताना, वेदनाशामक देऊन, आणि गुदद्वार आणि मादीचं योनीद्वार झाकलं जाईल एवढी लांबी ठेवून, फार आखूड नको. माशांच्याच कारणाने मेरिनो जातीच्या मेंढ्यांच्या मागची कातडी कापून काढायची पद्धत आहे, म्युलसिंग म्हणतात तिला, न्यूझीलंडने २०१८ पासून तिच्यावर बंदी घातली. त्याशिवाय चालणारच नाही असं कैक वर्षं ऐकवलं गेलं होतं.

प्रश्न : मोठ्या कळपात प्रत्येक मेंढीकडे बघणं शक्य नाही, मग काय करायचं?

प्रत्येकीकडे रोज नाही, पण कळपाकडे रोज. फाटकातून जाताना मागे कोण राहतं, चरताना गुडघ्यावर कोण बसतं, वेगळी कोण उभी आहे, एवढं बघा. ठरावीक काळाने काही मेंढ्या धरून शेवटच्या बरगडीमागे कंबरेवर हात दाबून बघा आणि १ (अगदी हडकुळी) ते ५ (फार लठ्ठ) असे गुण द्या, कारण लोकरीखाली हाडं लागलीत हे डोळ्यांनी कळतच नाही. खालच्या पापणीची आतली बाजू फिकट पांढरी दिसली तर रक्त पिणाऱ्या जंताचा संशय घ्या.

प्रश्न : ताई, दर वेताला काही कोकरं जातातच. घरचे म्हणतात निसर्ग आहे, आपल्या हातात काय आहे? मी नवीन सून आहे, माझं कोण ऐकणार?

काही कोकरं कितीही केलं तरी जातात, घरच्यांचं तेवढं खरं आहे. पण "हातात काय आहे" हे वाक्य एकदा बोललं की रात्री उठून वाड्यात जाणं थांबतं, म्हणून ते मला धोक्याचं वाटतं. मरणारी बहुतेक कोकरं पहिल्या तीन दिवसांतच जातात आणि त्यातली पुष्कळशी उपाशी आणि गार पडून, म्हणजे टाळता येण्यासारखी. कोकराला पहिल्या सहा तासांत वजनाच्या दर किलोला साधारण ५० मिलि चीक मिळायला हवा, चार किलोचं असेल तर २०० मिलि, आणि पहिल्या २४ तासांत एकूण ८०० मिलिच्या आसपास. पोट हाताला रिकामं लागतंय, तोंडात बोट घातलं तर आत गार आहे, पाठ वाकवून उभं आहे, अशी कोकरं आधी धरा. मान धरू न शकणाऱ्या कोकराच्या तोंडात चीक ओतू नका, फुप्फुसात जाईल, आधी डॉक्टरांना दाखवा. आणि याची सुरुवात विण्याच्या आधीच होते, शेवटच्या दीड महिन्यात गाभण मेंढीला कमी पडलं तर कोकरू हलकं आणि चीक थोडा.

ऐकणार कोण, याचं उत्तर असं की सांगून फार थोडे लोक बदलतात, करून बघितल्यावर बदलतात. हेम्सवर्थ यांच्या गटाने गायी सांभाळणाऱ्यांना प्रशिक्षण दिलं तेव्हाही समजूत आणि वागणं दोन्ही एकत्र हाताळलं होतं, आणि मग गायींचं भयही कमी झालं. सासूबाईंना चुकीचं ठरवायला जाऊ नका, त्यांना मेंढीचं बरंच काही माहीत असेल, ते आधी शिकून घ्या, आणि एवढंच मागा की या वेताला जुळी कोकरं आणि पहिलटकरणींची कोकरं तुमच्याकडे सांभाळायला द्यावीत. वहीत प्रत्येक कोकराचं लिहा : जन्मवेळ, चीक कधी प्यायलं, गेलं तर कधी आणि कशाने. वेत संपलं की ती वही त्यांच्यासोबत बसून वाचा, आणि पुढच्या वेताला कोणत्या मेंढ्यांना शेवटच्या दीड महिन्यात जास्त खुराक द्यायचा ते दोघींनी मिळून ठरवा.