पन्नास रुपयांचा दंड आणि वकिलीची पाच वर्षं

अमळनेरहून बारावी सायन्सची एक विद्यार्थिनी लिहिते: मे महिन्यात भर दुपारी विटांनी भरलेली बैलगाडी चढावर अडली. गाडीवानाने पराणीची (बैल हाकायच्या काठीची) आर, म्हणजे टोकाचा खिळा, टोचून टोचून बैलाचं रक्त काढलं. ती तक्रार द्यायला गेली, तर पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली आणि 'दंड फार तर पन्नास रुपये' असं ऐकवलं. आता तिला वकील होऊन ही शिक्षा वाढवायची आहे. तिचे अप्पा म्हणतात, एवढा कळवळा आहे तर जनावरांची डॉक्टर हो.

बेटा, पन्नास रुपयांचं तुला थट्टेने सांगितलं असेल, पण ते खरं आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे. तीन वर्षांत पुन्हा केलं तर २५ ते १०० रुपये, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जनावर ठार मारलं किंवा निकामी केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण तुझा बैल दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीला जुंपलेला होता, असं तूच लिहितेस. २०२२ मध्ये केंद्राने शिक्षा वाढवण्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला, त्याचा कायदा झालेला नाही.

शिक्षा वाढायलाच हवी. पण तुझं प्रकरण शिक्षेपर्यंत पोचलंच कुठे? जनावराला मारहाण करणं, जास्त ओझं लादणं हे दखलपात्र गुन्हे नाहीत. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. तो आदेश मागायला कोणीतरी कोर्टात जावं लागतं, आणि जाताना हातात काहीतरी लागतं. ते तुझ्यासमोर होतं. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. तापमान ३७ अंशांवर असेल तर दुपारी १२ ते ३ जनावर जुंपायचं नाही. अणकुचीदार काठी वापरायची नाही. मे महिन्यात आपल्याकडे ३७ तर सकाळीच होतात! गाडीचा फोटो, त्यावरची वेळ आणि त्या दिवसाचं तापमान, एवढं जोडलं असतंस तर तुझी तक्रार नुसत्या तोंडी बोलण्यावर राहिली नसती.

अप्पांचं चूक नाही. जखम किती खोल हे पशुवैद्याच्या दाखल्यावरच ठरतं. पण त्यासाठी आधी 'नीट' ही प्रवेश परीक्षा, मग पशुवैद्यकीची साडेपाच वर्षं, आणि तुझ्या पत्रात बैलाच्या जखमेवर दोन ओळी आहेत, पोलीस ठाण्यातल्या बोलण्यावर दीड पान. मी तुला वकिलीलाच पाठवीन. सायन्सवाल्यांनाही चालतं; राज्याची लॉ सीईटी दे, पाच वर्षांचा अभ्यासक्रम घे. जळगाव-धुळ्यात विधी महाविद्यालयं आहेत, लगेच पुण्याची खोली शोधायला नको.

अप्पांना पैशांचं आधीच सांगून ठेव. बैलांच्या केसेसवर घर चालत नाही. सुरुवातीची काही वर्षं सिनिअरच्या हाताखाली बांधाचे वाद नि अपघाताचे दावेच बघावे लागतील. पुढे सहायक सरकारी अभियोक्ता (सरकारी वकील) व्हायचं असेल तर एमपीएससी आहे.

आणखी एक. १९६० च्या कायद्याखालचा खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. एवढ्या लांब पत्रात तू तारीख मात्र कुठेच लिहिलेली नाहीस. ती एनसीची प्रत काढ, तारीख बघ, आणि या आठवड्यातच ओळखीच्या वकिलाला दाखव.