यूजरस्पेस ही कोणाची जागा, आणि नाव ठेवतं कोण?

प्रश्न असा आहे. लिनक्सवरच्या एका मराठी लेखात यूडेव्हबद्दल, म्हणजे मशीनला जोडलेल्या उपकरणांची व्यवस्था लावणाऱ्या लिनक्समधल्या प्रोग्रामबद्दल, 'यूडेव्ह डिव्हाइसचं नामकरण यूजरस्पेसमध्ये करतं' असं वाक्य होतं. मुद्रितशोधनात त्याचं 'यूडेव्ह वापरकर्त्याच्या जागेत उपकरणांचे नामकरण करते' असं झालं. हे चालेल का?

नाही चालणार. गंमत म्हणजे मूळ वाक्यही पुरतं निर्दोष नाही, पण आधी 'जागे'चं बघू.

'वापरकर्त्याची जागा' म्हटलं की वाचणाऱ्याला आपलं होम फोल्डर आठवतं, किंवा डिस्कवर आपल्या वाट्याला आलेले जीबी. यूजरस्पेसचा अर्थ तो नव्हे. हार्डवेअरवर थेट हुकूम चालवणारं ते कर्नेल, आणि त्याच्याबाहेर चालणारा प्रत्येक प्रोग्राम यूजरस्पेसमधला. यूडेव्हचा डीमन, म्हणजे पार्श्वभूमीवर चालत राहणारा प्रोग्राम, तर मशीन सुरू होतानाच रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने उठतो. तेव्हा कोणी लॉगिनही केलेलं नसतं, मग वापरकर्ता आणायचा कुठून? यूजरस्पेस तसाच ठेवावा. फोड करायचीच असेल तर 'कर्नेलबाहेर' म्हणावं.

या 'बाहेर'ला इतिहास आहे. २.४ मालिकेच्या कर्नेलमध्ये उपकरणांच्या फाइली तयार करणारी डेव्हएफएस नावाची सोय होती. तिच्यात नावांची पद्धत कर्नेलच्या कोडमध्येच ठरलेली असे. कुठल्या डिस्कला काय म्हणायचं हा धोरणाचा भाग, तो कर्नेलने का ठरवावा, हा आक्षेप. २००३ मध्ये कर्नेलचे एक विकासक ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी यूडेव्ह आणलं ते हे काम बाहेर काढण्यासाठी. नावातला 'यू' यूजरस्पेसचाच, म्हणून उच्चार 'यूडेव्ह'. 'उदेव' असं लिहिलेलं पाहिलं की एखाद्या विस्मरणात गेलेल्या दैवताची आठवण होते. पुढे २.६.१८ मध्ये डेव्हएफएसचा कोड कर्नेलमधून काढून टाकला गेला.

आता 'नामकरण'. २००९ मध्ये, २.६.३२ या आवृत्तीत, कर्नेलमध्ये डेव्हटीएमपीएफएस आलं. तेव्हापासून 'डेव्ह' डिरेक्टरीतल्या उपकरणांच्या फाइली पुन्हा कर्नेलच तयार करतं आणि एसडीए, एसडीबी ही डिस्कची नावंही तेच देतं. यूडेव्हला ती बदलता येत नाहीत. ते मालकी आणि परवानग्या लावतं आणि सिमलिंक जोडतं, म्हणजे मूळ नाव तसंच ठेवून शेजारी एक 'उर्फ' लावतं. खरं नाव बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे उरलाय तो फक्त नेटवर्क इंटरफेसचा. ईटीएच० या नेटवर्क कार्डाच्या नावाचं ईएनपी३एस० होतं ते तिथेच. त्यातलं 'पी३' म्हणजे पीसीआय बस तीन आणि 'एस०' म्हणजे स्लॉट शून्य. ही पद्धत २०१३ मध्ये सिस्टमडीच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामसंचाच्या, १९७व्या आवृत्तीत आली. दिसायला ओबडधोबड नाव, पण कार्ड त्याच खाचेत असेपर्यंत सहसा बदलत नाही.

उर्फ लागतं कशाला? समजा यूएसबी-सिरियल अडॅप्टर दोन आहेत, एकाला मीटर जोडलाय आणि दुसऱ्याला प्रिंटर. आज मीटर टीटीवाययूएसबी० आहे, पण रीबूटनंतर कर्नेलला दुसरा अडॅप्टर आधी सापडला की शून्य आणि एकची अदलाबदल होते आणि मीटरसाठीचे हुकूम प्रिंटरकडे जातात. यावर उपाय: 'यूडेव्हअ‍ॅडम इन्फो' या कमांडने अडॅप्टरचा सिरियल नंबर काढायचा, 'रूल्स डॉट डी' या यूडेव्हच्या नियमांच्या फोल्डरमध्ये एका ओळीचा नियम लिहायचा: उपप्रणाली टीटीवाय असेल आणि सिरियल नंबर हा असेल, तर 'मीटर' नावाची सिमलिंक जोड. स्वस्त अडॅप्टरांना कधी सिरियल नंबरच नसतो, तिथे कुठल्या पोर्टात खोचलाय यावरून ओळख पटवावी लागते.

असे नियम मराठीत समजावताना त्यांतल्या तिन्ही चिन्हांना (==, =, +=) 'बरोबर' म्हणून मोकळं होऊ नये. दुहेरी बरोबर म्हणजे 'असेल तर', ती तपासणी. एकेरी म्हणजे 'हेच ठेव'. अधिक-बरोबर म्हणजे 'हेही जोड'. सिमलिंकला अधिक विसरून एकेरी लावलं, तर त्या डिव्हाइससाठी आधीच्या नियमांनी जमवलेल्या सिमलिंकची यादी पुसली जाते आणि आपली एकटी उरते.

'नामकरण'ऐवजी 'नाव ठेवणं' घ्यावं का, असंही विचारलंय. एकवचनात ठीक. अनेकवचनात 'यूडेव्ह डिव्हाइसना नावं ठेवतं' असं झालं की ते हार्डवेअरची निंदा करतंय असं वाटेल. 'नावं देतं' लिहावं, आणि तेही नेटवर्कपुरतंच. तेव्हा वाक्य असं करता येईल: 'डिव्हाइसला नाव कर्नेल देतं, यूजरस्पेसमधलं यूडेव्ह त्याला कायमचं पर्यायी नाव जोडतं, आणि नेटवर्क इंटरफेसचं मात्र नावच बदलतं.' लांबलं, पण खरं आहे.

जाता जाता, 'कर्नेल' मी मुद्दाम 'न'ला मात्रा देऊन लिहितो. 'कर्नलने नाव दिलं' म्हटलं की गणवेशातला माणूस उभा राहतो.