जुन्या शिडाच्या बोटीतल्या टॉयलेटचा वास काही केल्या जात नाही. नवं टॉयलेट बसवावं का?

तुम्ही लिहिलंय की १९८० च्या सुमाराची ३० फुटी बोट घेतलीत, टॉयलेट हातपंपाचं आहे, मैला साठवायची टाकीही आहे, पण बाजारातली सगळी औषधं ओतून झाली तरी केबिनमध्ये उतरवत नाही.

टॉयलेट राहू द्या. आधी पाईप बघा.

माझी बोट १९७९ ची, तेवढीच लांब, न्यू जर्सीत बार्नेगाट बेमध्ये असते. पहिल्या मोसमात मीही निळं औषध, हिरवं औषध, सुगंधी गोळ्या सगळं करून पाहिलं. बायको जिन्यावरूनच म्हणाली, "आधी नुसती मुतारी होती, आता अत्तर शिंपडलेली मुतारी झालीय." रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा प्रकार चालला होता.

एक परीक्षा करा. गरम पाण्यात फडकं बुडवून पिळा आणि मैल्याच्या पाईपभोवती गुंडाळून ठेवा. गार झालं की बाजूला नेऊन फडक्याचा वास घ्या. वास आला तर पाईप मुरला. गळती नसली तरी जुन्या रबरातून आणि हलक्या प्लॅस्टिकमधून वास पाझरतो, तो वरून पुसून जात नाही. प्रत्येक तुकड्यावर हे करा, विशेषतः जिथे पाईपला झोळ पडून मैला साचून राहतो तिथे.

जुना पाईप ओढून काढायच्या फंदात पडू नका, तो जिच्यावर चढवलेला असतो ती तोटीच तुटेल. धारदार पातं घेऊन उभा चिरा. मी कापला तेव्हा ३८ मिलिमीटरच्या पाईपमध्ये जेमतेम अंगठा जाईल एवढीच वाट उरली होती. बाकी सगळा करडा, दगडासारखा थर. खारं पाणी आणि लघवी एकत्र आली की हे क्षार धरतात. बोअरच्या पाण्याने गीझरची कॉइल भरते तसंच. पंप जड लागतो म्हणून मी पंपालाच शिव्या घालत होतो!

नवा पाईप मैल्यासाठीच बनवलेला, जाड भिंतीचा घ्या. तो ताठ असतो. टोक उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं धरायचं, तोटीला भांड्याचा साबण लावायचा आणि एका दमात चढवायचं. मध्ये थांबलात तर तिथेच अडकतो. प्रत्येक जोडाला स्टेनलेसच्या दोन क्लिपा.

आता थोडं गणित. ३८ मिलिमीटरच्या एक मीटर पाईपमध्ये साधारण १.१ लिटर मावतं. टॉयलेटपासून टाकीपर्यंत अडीच मीटर असेल तर जवळपास तीन लिटर. पाहुणे पंपाचे चार हात मारून बाहेर येतात, म्हणजे सगळा ऐवज पाईपातच मुक्कामाला. बादलीत मोजून पाहा, किती हातांना एक लिटर पाणी जातं ते. त्यावरून आकडा काढा आणि दारावर चिकटवा.

टाकीला हवा लागते, आणि बहुतेक बोटींत घोडं इथेच पेंड खातं. हवा खेळती असली की मैला कुजतो पण फार घाण सुटत नाही. हवा कोंडली की दुसऱ्या जातीचे जंतू माजतात आणि सडक्या अंड्याचा हायड्रोजन सल्फाइड सुटतो. माझ्या हवानळीच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. नळी बारीक भोकाची नव्हे, चांगली २५ मिलिमीटरची घातली, शक्य तेवढी सरळ. ती बंद राहिली तर पंप-आऊटच्या वेळी, म्हणजे धक्क्यावरच्या पंपाने टाकी उपसताना, टाकी आत चेपूही शकते.

आत येणाऱ्या समुद्राच्या पाण्यालाही वास असतो. त्यातले सूक्ष्म जीव नळीतच मरतात. बोट आठवडाभर बंद ठेवण्याआधी सीकॉक (बोटीच्या बुडातल्या भोकावरची झडप) बंद करा, पाणी आत घेणारी नळी त्यावरून सोडवून गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवा आणि पंप मारून ते पुढे काढा.

हे झालं वासाचं. पण मला विचाराल तर भीती बुडण्याची बाळगा. टॉयलेट पाण्याच्या पातळीखाली असेल तर सायफन होऊन, म्हणजे बाहेरचं पाणी नळीतून आपोआप आत ओढलं जाऊन, अख्खी बोट भरते. म्हणून वर हवेचा व्हॉल्व्ह असलेला उलट्या यू-चा लूप हवा, बोट कलली तरी पाण्याच्या किमान २० सेंटीमीटर वर राहील असा. पाणी आत घेणाऱ्या बाजूला तो पंप आणि भांडं यांच्या मध्ये बसवायचा. पंपाच्या आधी बसवलात तर पंप हवाच ओढत बसतो. जुन्या बोटीत सीकॉकच्या जागी पितळी गेट व्हॉल्व्ह असतील तर त्यातलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं, धातू गुलाबी आणि ठिसूळ होतो. ते बदलून ब्राँझचे सीकॉक बसवा, अर्थात बोट पाण्याबाहेर काढल्यावरच.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत कच्चा मैला सोडता येत नाही, त्यामुळे मैला टाकीत किंवा थेट बाहेर वळवणारा वाय-व्हॉल्व्ह टाकीच्या बाजूला कुलूप घालून किंवा पट्टीने बांधून ठेवावा लागतो. बार्नेगाट बेमध्ये तर प्रक्रिया केलेलाही चालत नाही.

देखभाल फारशी नाही. चोचीसारखा रबरी जोकर व्हॉल्व्ह दर मोसमाला बदला. भांड्यात पाणी उलटं येऊ लागलं की तोच गेलेला असतो. आठवड्याला एक मग पांढरं व्हिनेगर पाईपमध्ये तासभर राहू द्या. त्यात ब्लीच कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. कागद आत टाकायचा नाही, पिशवीत. आपल्याकडे तांब्या असल्याने हा प्रश्न निम्मा सुटतो.

टाकी कशाची आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. अॅल्युमिनियमची असेल तर वेल्डिंगच्या शिवणींवर टॉर्च मारून बघा, लघवीने पहिली भोकं तिथेच पडतात. पांढरी पूड किंवा ओल दिसली तर पाईपांची ऑर्डर द्यायच्या आधी इथे फोटो टाका, कारण मग टाकीही बदलावी लागेल आणि पाईपांची मापं बदलतील.