एडिटरच्या एक्स्टेंशनमध्ये सुरक्षेची त्रुटी सापडली तर ती कुठे कळवावी?

तुम्ही मालवणला शिकता. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरचं एक एक्स्टेंशन (वरून जोडलेला छोटा प्रोग्राम) अनोळखी फोल्डर उघडताच न विचारता कमांड चालवतं, असं तुमच्या लक्षात आलंय आणि ते गिटहबवर, म्हणजे त्याचा कोड जिथे ठेवलेला आहे त्या साइटवर, इश्यू (जाहीर तक्रार-नोंद) म्हणून टाकू का, असं विचारताय. कृपया टाकू नका. इश्यू कोणालाही वाचता येतो, आणि दुरुस्ती येईपर्यंत ते एक्स्टेंशन वापरणारा प्रत्येकजण उघड्यावर पडतो.

आधी एक गोष्ट तपासा. फोल्डर उघडताना ‘यावर विश्वास आहे का’ असं एडिटर विचारतो, तिथे तुम्ही ‘हो’ म्हटलं होतं का? ही वर्कस्पेस ट्रस्टची सोय 2021 मध्ये आली. ‘हो’ म्हटल्यावर फोल्डरमधली कमांड चालणं कदाचित अपेक्षितच असेल. ‘नाही’ म्हणूनही चालली, तर मामला गंभीर आहे. एडिटरला जे जे करता येतं ते सगळं एक्स्टेंशनलाही करता येतं: तुमच्या फाइली वाचणं, प्रोग्राम चालवणं, नेटवरून माहिती बाहेर पाठवणं.

त्रुटी खरी निघाली तर त्या प्रकल्पाच्या गिटहब पानावर ‘सिक्युरिटी’ टॅब उघडा. मालकाने सोय चालू ठेवली असेल तर तिथून खासगीत कळवता येतं. नसेल तर सिक्युरिटी डॉट एमडी या फाइलमध्ये ईमेल शोधा. तीही नसेल तर इश्यूत फक्त एवढंच लिहा: ‘सुरक्षेबद्दल खासगीत बोलायचं आहे, कुठे लिहू?’ तपशील अजिबात नको. बरेच लेखक हे काम फुकट, नोकरी सांभाळून करतात, म्हणून त्यांना वेळ द्या. तपशील जाहीर करण्याआधी दुरुस्तीसाठी 90 दिवसांची मुदत देणं सुरक्षा संशोधकांमध्ये रूढ आहे. काहीच उत्तर आलं नाही तर आपल्याकडे सर्ट-इन ही सरकारी सायबर सुरक्षा संस्था आहे, तिथे कळवता येतं. एक्स्टेंशन मुद्दामच घातक बनवलंय असं वाटलं, तर मात्र लेखकाला लिहू नका. एक्स्टेंशनं जिथून मिळतात त्या मार्केटप्लेसकडे थेट तक्रार करा.

साध्या बगसाठी (सुरक्षेशी संबंध नसलेल्या चुकीसाठी) इश्यूच योग्य. कोणतं एक्स्टेंशन घोळ घालतंय ते कळत नसेल तर ‘स्टार्ट एक्स्टेंशन बायसेक्ट’ ही कमांड वापरा. ती निम्मी निम्मी एक्स्टेंशनं बंद करत दोषी शोधून देते.

आणि इंग्रजी जेमतेम आहे म्हणून मागे राहू नका, हे मी अगदी मनापासून सांगतोय. मी रत्नागिरीत बसून काम करतो. पावसाळ्यात इथे नेट तुटतं, जुळतं, पुन्हा तुटतं. फोल्डरची नावं देवनागरीत असतात. अशा वेळीच फुटणारे बग स्थिर नेटवर बसलेल्या लेखकाला त्याच्या मशीनवर दिसणारच नाहीत. ते तुम्हीच कळवू शकता. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एवढी तीन छोटी वाक्यं पुरतात. सोबत आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टीम लिहा. एररचा फोटो नको, मजकूर चिकटवा. तो शोधता येतो आणि कमी रेंजमध्येही जातो. फक्त चिकटवण्याआधी लॉगमधले (प्रोग्रामने लिहिलेल्या नोंदींमधले) पासवर्ड, टोकन (पासवर्डसारखे गुप्त कोड) आणि तुमचं नाव असलेले फोल्डरचे पत्ते काढून टाका.