१९७६चं थेट 'स्वान लेक': चित्र का बिघडतं आणि नजर कुठे ठेवायची

३० जून १९७६ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधून थेट दाखवलेल्या 'स्वान लेक' या बॅलेचं रेकॉर्डिंग पाहून तुम्ही चार तक्रारी मांडल्यात. नर्तिका बुटक्या दिसतात, पांढऱ्या पोशाखांमागे धूसर शेपट्या राहतात, ऐन वेळी पाय कापले जातात आणि दुसरा अंक रेंगाळतो. पहिला दोष बहुधा तुमच्या टीव्हीचा आहे. शेवटच्याला मी दोषच मानत नाही. मधल्या दोन तक्रारी मात्र खऱ्या.

टीव्हीचं आधी उरकू. हे चित्रण ४:३ चौकटीचं आहे. टीव्हीने ते ताणून १६:९ पडदा भरला की प्रत्येक माणूस एक-तृतीयांशाने रुंद होतो. पिक्चर साइजमध्ये ४:३ किंवा 'ओरिजिनल' निवडा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येऊ द्या. 'व्हिविड' मोड बंद करा, नाहीतर हंसांचे पोशाख नुसते पांढरे डाग होतात. हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद ठेवा. अमेरिकी प्रक्षेपणात सेकंदाला सुमारे ६० अर्धचित्रं (एकाआड एक ओळींची) असत. नेटवरच्या बऱ्याच प्रतींमध्ये त्यांची ३० पूर्ण चित्रं केलेली असतात, म्हणून गिरक्यांमध्ये पाय एका जागेवरून दुसरीकडे उडी मारल्यासारखा दिसतो. ६० फ्रेमची प्रत मिळाली तर तीच घ्या.

शेपट्यांचं कारण तेव्हाचे ट्यूबवाले कॅमेरे. अंधारात चमकदार वस्तू हलली की तिचा ठसा ट्यूबवर क्षणभर रेंगाळे. 'स्वान लेक'चा दुसरा अंक म्हणजे निळसर काळोख आणि त्यात पांढरे हंस, त्या कॅमेऱ्यांसाठी याहून वाईट दृश्य शोधून सापडणार नाही. सोपा उपाय म्हणजे रंगमंचावर जादा दिवे ओतणं. पण तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाचा रसभंग होऊ नये, हा 'लाइव्ह फ्रॉम लिंकन सेंटर' या प्रक्षेपणमालिकेचा मूळ आग्रह होता, त्यामुळे आहे त्या प्रकाशात काम भागवावं लागे. कमी प्रकाशासाठी लेन्सचं छिद्र मोठं उघडलं की फोकसची खोली घटते. म्हणून हंसांची एक ओळ स्पष्ट आणि मागची पुसट दिसते.

आवाजालाही तेव्हाच्या तंत्राची मर्यादा होती. तेव्हाच्या टीव्हीचा आवाज मोनो, म्हणून ही मालिका एफएम रेडिओवर स्टिरिओमध्ये एकाच वेळी ऐकवत. टीव्ही मुका करून शेजारी रेडिओ लावायचा अशी ती व्यवस्था होती.

तुलनेसाठी १२ डिसेंबर १९५५चं एनबीसी या अमेरिकी वाहिनीवरचं, ब्रिटिश नर्तिका मार्गो फाँटेनचं 'स्लीपिंग ब्यूटी' घ्या. तेही थेट आणि रंगीत होतं, पण स्टुडिओत, कॅमेऱ्यासाठी नाचलेलं आणि दीड तासाच्या वेळेत बसवायला छाटलेलं. त्यामुळे चित्र नीटनेटकं आहे. नाट्यगृहातला पूर्ण प्रयोग दाखवायचा तर ही चैन नसते.

आता पाय कापण्याबद्दल. बॅलेत वाक्य पावलाने पूर्ण होतं. चेहरा उत्कट आहे म्हणून दिग्दर्शक क्लोजअपवर गेला की नर्तिका चवड्यावर किती वेळ तोलून उभी राहिली, हे कायमचं हुकतं. थेट प्रक्षेपणात फेरकाम नसतं. कंट्रोल रूममध्ये एक जण स्वरलिपी पुढ्यात घेऊन मात्रा मोजतो आणि त्याच्या हाकेवर कॅमेरे बदलतात. वाद्यवृंदाच्या संचालकाने त्या रात्री लय थोडी ओढली की सांधा हुकतो आणि उडी अर्ध्यात तुटते.

चांगल्या चित्रणाची माझी कसोटी सोपी आहे: पायाखालची जमीन दिसते का? कॅमेरा पहिल्या बाल्कनीच्या उंचीवर असेल तर समूहाच्या तिरक्या ओळी आणि अर्धवर्तुळं उलगडतात. खुर्च्यांच्या पातळीवर असेल तर चोवीस हंसांची एकच भिंत होते. फार मागून लांब लेन्स लावली की खोली चपटी होते आणि मागची ओळ पुढच्या ओळीला चिकटते. बाजूच्या कॅमेऱ्यातून आराबेस्कचा मागे ताणलेला पाय आखूड भासतो. उडीचंही गणित आहे. नर्तकाबरोबर कॅमेरा वर उचलला की उडी खुजी दिसते. चौकट स्थिर ठेवून त्याला तिच्यात उसळू दिलं की तीच उडी उंच वाटते.

दुसऱ्या अंकाच्या संथपणाबद्दल मी भांडायला तयार आहे! इथे ऑदेतच्या, म्हणजे शापाने हंस झालेल्या राजकन्येच्या भूमिकेत नतालिया माकारोव्हा आहे आणि राजपुत्राच्या भूमिकेत इव्हान नॉज. माकारोव्हा १९७०मध्ये लंडनच्या दौऱ्यात लेनिनग्राडचा किरोव्ह बॅले संघ सोडून पश्चिमेत राहिली, आणि पांढऱ्या हंसाचं द्वंद्वनृत्य अतिविलंबित घेणं ही तिची ओळखच होती. या लयीत लपायला जागा नसते. वेगात तोल जरा गेला तर खपून जातो, विलंबितात घोट्याचा कंपही दिसतो. हार्पनंतर एकट्या व्हायोलिनवर तिची पाठ आणि मान पाहा, पुढे चेलो येतो तेव्हा नॉजचे हात पाहा. जोडीदार चांगला असला की कंबरेवरची पकड बदलताना कळतही नाही.

त्याच अंकात चार छोट्या हंसांचं नृत्य येतं. 'बसून' या खर्जातल्या फुंकवाद्यावर ठेका आणि ओबोवर धून सुरू झाली की तयार राहा, कारण ते दीड-एक मिनिटातच संपतं. चौघींचे हात एकमेकींत अडकवलेले असतात, त्यामुळे एकीचं पाऊल उशिरा पडलं तर उरलेल्या तिघींना तिला ओढत न्यावं लागतं. चारही माथी एकदमच वळतात का, एवढंच पाहा.

तिसऱ्या अंकात ऑदेतचं रूप घेऊन राजपुत्राला फसवणाऱ्या ऑदिलच्या ३२ फुएते गिरक्या: एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाच्या झटक्याने घेतलेल्या. सेंट पीटर्सबर्गच्या मारीन्स्की नाट्यगृहातल्या १८९५च्या प्रयोगात पिएरिना लेन्यानी या नर्तिकेने त्या इथे आणल्या आणि तेव्हापासून प्रेक्षक बोटांवर मोजत बसतात. खरी परीक्षा जागा न सोडण्याची असते. कॅमेरा तिच्याबरोबर सरकत राहिला तर ती किती वाहवत गेली हे कळतच नाही. म्हणून मागच्या पडद्यावरचा एखादा खांब धरा आणि अंतर पाहत राहा.

याच अंकात कथा हातांवर चालते, भरतनाट्यमच्या हस्तांसारखी ती शिकून घ्यावी लागते. अनामिकेकडे बोट म्हणजे लग्न, चेहऱ्याभोवती फिरवलेला हात म्हणजे सुंदर, डोक्यावर गोल फिरणारे हात म्हणजे नाच, दोन बोटं वर म्हणजे शपथ. राजपुत्र ऑदिलसाठी ती दोन बोटं उचलतो आणि त्याच सुमारास खिडकीत ऑदेत तडफडताना दिसते. एकाच वेळी दोन जागी महत्त्वाचं घडत असतं, आणि एकीकडे झूम केलं की दुसरी गेली. इथे लाँग शॉटच हवा.

हल्लीच्या थेट प्रयोगांबद्दलही तुम्ही विचारलंय. लंडनचा प्रयोग सिनेमागृहांसाठी थेट असला तर हिवाळ्यात तिथले संध्याकाळचे सव्वासात म्हणजे आपल्याकडे रात्रीचे पाऊण, उन्हाळ्यात पावणेबारा. त्यामुळे भारतात तो बहुधा नंतर, रेकॉर्ड केलेला दाखवतात. मॉस्कोच्या बोल्शॉयची युरोप-अमेरिकेतली सिनेमा-प्रक्षेपणं २०२२पासून थांबली आहेत. डीव्हीडीवर 'थेट' छापलेलं असलं तरी ती पुष्कळदा दोन-तीन रात्रींच्या चित्रणातून जोडलेली असते. घसरलेलं पाऊल त्यात सापडणार नाही.

संगीतच दोन तासांच्या वर आहे, मध्यंतरं धरून तीन तासांच्या आसपास. एका बैठकीत जमलं नाही तर दुसऱ्या अंकानंतर थांबा, पहिल्यानंतर नको. पहिला अंक एकटा पाहिला तर तुम्हाला फक्त राजपुत्राच्या वाढदिवसाची मेजवानी दिसेल.